दुपारनंतर सरकणारं टेबल

एन्कोडर बिघडला की लोक मला लगेच बोलावत नाहीत. आधी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतात, त्याची नीट वाट लावतात आणि मग फोन करतात, "मॅडम, जरा अर्जंट होतं." असा उघडून पाहिलेला एन्कोडर माझ्या टेबलावर येतो तेव्हा त्याच्या आतल्या काचेच्या चकतीवर हमखास कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा असतो. मी तो ठसा भिंगाखाली गिऱ्हाइकाला दाखवते. काही जण ओशाळतात. बहुतेक जण म्हणतात, आमच्याकडे कुणी हात लावलाच नाही.

हे एन्कोडर काय प्रकरण आहे ते आधी सांगते, कारण माझ्या आईलाही ते अजून कळलेलं नाही. ती शेजारच्या बायकांना सांगते, "मोटरी दुरुस्त करते," आणि मग बायका मिक्सर घेऊन येतात. तर संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मिलिंग मशीनमध्ये लोखंडाचा तुकडा ज्या टेबलावर बांधतात ते टेबल मोटर सरकवते. मोटर किती फिरली हे मोजायला तिच्या पाठीवर एक डबी बसवलेली असते, तो एन्कोडर. आत काचेची चकती, तिच्यावर बारीक बारीक रेषा, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला डोळा. चकती फिरते, डोळा रेषा मोजतो आणि मशीनच्या कंट्रोलला, म्हणजे त्या संगणकाला, कळवत राहतो. कंट्रोलला स्वतःला टेबल दिसत नाही. एन्कोडर सांगेल तेच खरं. चुकीचं मोजणारा कारकून आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा साहेब, असा तो संसार असतो. नव्या मशीनमध्ये ही चूक पकडायची सोय असते, अलार्म देऊन मशीन थांबते. जुनीला आपण चुकलोय हेच कळत नाही. पडद्यावर आकडा बरोबर आणि भोक भलतीकडे.

मी पूर्वी एका कंपनीच्या सर्व्हिस विभागात होते. तिथे साहेब लोक मशीन उघडायचे आणि मी त्यांच्यामागे बॅग घेऊन उभी राहायचे. वैतागून नोकरी सोडली आणि अंधेरीत एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पोटमाळा भाड्याने घेतला. आता बॅगही माझी आणि मशीन उघडणारीही मीच. तरी गाळ्यात शिरले की लोक अजून माझ्या मागे बघतात, इंजिनीयर कुठे आहे म्हणून. पूर्वी मी हसून सांगायचे. आता सांगत नाही, बघू देते.

तो फोन आला नाहूरच्या एका गाळ्यातून. स्टेशनपासून मुलुंडच्या दिशेने गेलं की टॉवरच्या मधोमध दोन-चार जुन्या इस्टेटी अजून तग धरून आहेत, त्यातली एक. मालक माझ्याच वयाचा, मुलुंडात वाढलेला, इंग्रजी शाळेत शिकलेला. गाळा वडिलांनी उभा केलेला. फोनवर म्हणाला, "मशीन दुपारनंतर सरकते. सकाळी झकास, दुपारी बोंब. बरी होत असेल तर करा, नाहीतर भंगारवाला दारात उभाच आहे."

मी स्कूटरवरून गेले. गाळ्यात दोन मिलिंग मशीन शेजारी शेजारी होत्या. एक बऱ्यापैकी नवी. दुसरी जुनी, हिरव्या अक्षरांच्या पडद्याची, मूळचा रंग कुठला ते सांगता येणार नाही अशी. दोन्हींवर एकच काम चालायचं. पोलादी ठोकळ्यात दोन बाजूंनी भोकं पाडायची, ती आत बरोबर एकमेकांना मिळाली पाहिजेत, कारण त्यातून पुढे दाबाने तेल जायचं असतं. केसाइतका फरक पडला तर ठोकळा गेला. त्यात पुन्हा काही करता येत नाही.

जुन्या मशीनवर एक काका होते. साठीच्या अलीकडे-पलीकडे, बुटके, पायात रबरी चप्पल, शर्टाच्या खिशात फडकं. नव्या मशीनवर तिशीतला एक माणूस होता. तो त्यांचा जावई. हे मला मालकानेच पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, कारण ते सांगताना त्याला मजा येत होती.

"हा सासरा, हा जावई. पण साइज जावयाची बरोबर येते."

सगळे हसले. गाळ्यात आणखी दोघं-तिघं हेल्पर होते, ते हसले. जावईही हसला, मान खाली घालून, पण हसला. काका हसले नाहीत, वाईट वाटल्यासारखंही त्यांनी दाखवलं नाही. ते टेबलावरचा बुरादा ब्रशने साफ करत राहिले.

"आणि यांचं खातं माहितीय ना? हे आमचे गृहमंत्री," मालक म्हणाला. "एक ठोकळा झाला की टेबल होमला. दुसरा झाला की परत होमला. जावई दिवसभरात पेटी भरतो, हे दिवसभर टेबलाला घरी सोडून येतात."

होम म्हणजे मशीनची आरंभाची जागा. टेबल तिथे नेलं की सगळी मोजणी नव्याने सुरू होते. चांगल्या मशीनला हे सकाळी एकदा केलं की दिवस निघतो. प्रत्येक ठोकळ्यानंतर होमला पाठवणारा माणूस एकतर वेडा असतो नाहीतर त्याला काहीतरी कळलेलं असतं. मी काकांच्या मागे स्टूल ओढून बसले आणि नुसती बघत राहिले.

सकाळभर काही नाही. ठोकळे बरोबर येत होते. जेवणाच्या सुट्टीनंतर काकांनी मशीन सुरू केली आणि पहिला ठोकळा बांधायच्या आधी ते मशीनच्या बाजूला गेले. टेबल आडवं सरकवणारी मोटर तिथे होती. तिच्या पाठीवर त्यांनी उजवा तळवा ठेवला. आईने पोराचा ताप बघावा तसा. मग परत आले आणि एका बोटाने कंट्रोलवर कसला तरी आकडा भरला. ठोकळा बांधला, भोकं पाडली, खिळा घालून बघितला. खिळा आरपार गेला.

"काका, तुम्ही काय टाकलंत आत्ता?"

"काय नाय. सवय."

मी पडद्यावर ते पान उघडून बघितलं. मशीनच्या त्या पानावर हाताने दुरुस्ती भरता येते, म्हणजे टेबलाला सांगता येतं की तू समजतंस त्याहून एवढं अलीकडे थांब. तिथे काकांचा आकडा होता. मी तो पुसून शून्य केला, टेबलाला डायल, म्हणजे केसाइतकं सरकणंही दाखवणारं काट्याचं माप, लावला आणि होमपासून नेहमीच्या जागेपर्यंत टेबल न्यायला लावलं. पडद्यावर सगळं जागच्या जागी. डायलचा काटा मात्र सरकलेला. मोटर अजून तापू दिली, पुन्हा केलं. काटा अजून सरकला.

असल्या वेळी लोक लगेच एन्कोडरच्या नावाने बोंबलतात, पण मोटर आणि टेबल ओढणारा लांब स्क्रू यांना जोडणारा कपलिंगही सैल असू शकतो. म्हणून मी कपलिंगवर खडूने रेघ मारली. ती हलली नाही. मग आडव्या आणि उभ्या दिशेच्या मोटरी अदलाबदल करून लावल्या. आता टेबल उभ्या दिशेला सरकायला लागलं आणि आडवं जागेवर राहिलं. म्हणजे रोग मोटरीबरोबर गेला. एन्कोडर तापला की काही रेषा मोजायच्या सोडून देत होता. काकांना यातलं नाव एकही माहीत नव्हतं. किती तापल्यावर किती सरकतं, एवढं मात्र त्यांच्या तळव्याला माहीत होतं.

मी मालकाला केबिनमध्ये जाऊन सांगितलं. "एन्कोडर आहे. बरा होईल. आत्ता दुपारी एखाद-दुसराच ठोकळा जातोय, पण तुम्ही ज्यांना गृहमंत्री म्हणता ते नसते तर दुपारनंतरचा सगळा माल भंगारात गेला असता. ते हाताने दुरुस्ती देऊन चालवतायत."

मला वाटलं, जरा तरी चेहरा उतरेल. तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "मग? त्यासाठीच पगार देतो ना मी."

मी बाहेर आले तर काका फडक्याला हात पुसत उभे होते. म्हणाले, "चला, चाय पिऊया." इस्टेटच्या फाटकाबाहेर टपरी होती. काकांनी चहा हातात घेतला. मग मालवणीत विचारलं, "बाय, तुजो गाव खंयचो?"

"वेंगुर्ल्याकडचा. पण माझा जन्म इथलाच."

"म्हंजे आपलीच गो तू."

हे वाक्य मला आवडत नाही. "आपलीच" म्हटलं की पुढे काहीतरी फुकटचं मागणं असतं, असा माझा अनुभव आहे. मी मनातल्या मनात सावध झाले. काकांनी जे मागितलं ते मात्र आजवर कुणी मागितलं नव्हतं.

"ता मशीन पुरा बरा करू नको. वायच दुखणा ठेय तेच्यात."

मला आधी नीट कळलं नाही. मेलेला एन्कोडर जिवंत आहे असं सांगा म्हणणारे मला भेटलेत. जिवंत आहे तो मेला सांगा, म्हणजे शेठ नवीन आणेल, म्हणणारे तर पुष्कळ भेटलेत. पण थोडा आजारी ठेवा?

"का?"

"ता बरा झाला काय माजा काय काम? मगे कोणय चलयतलो." त्यांनी बशीत ओतलेला चहा तसाच धरला होता. "आता माज्याशिवाय एक जॉब बरोबर येणा नाय. शेठ शिव्या देता, पण ठेयता. कशाक ठेयता? ह्याच्यासाटी."

मग त्यांनी घरचं सांगितलं. भांडुपला त्यांची खोली होती, ती चाळ पाडली. नवी इमारत चार मजले चढून थांबली आणि बिल्डर भाडं द्यायचा बंद झाला. तेव्हापासून नवरा-बायको दोघं मुलीकडे राहतात. म्हणजे जावयाकडे. आपल्यात सासरा जावयाच्या घरचं पाणी प्यायला कचरतो, आणि इथे तर बिछानाच जावयाच्या घरी. या जावयाला गाळ्यात कामाला काकांनीच आणलेलं. मशीन चालवायलाही त्यांनीच शिकवलेलं.

"पगार घरात नेतंय तवसर सासरो," काका म्हणाले. "नायतर खाटेवरचो म्हातारो."

ते रडले वगैरे नाहीत. हात जोडले नाहीत. भाजीवालीला जरा जास्तीची कोथिंबीर मागावी तसं मागितलं. म्हणूनच मला जास्त राग आला असावा. मला स्पष्ट आठवतं, कीव आली नाही, राग आला. तुम्ही मला काय समजता? मी दुरुस्ती करणारी बाई आहे. रोग अर्धा ठेवून पैसे घ्यायचे तर मी कशाला लागते, इस्टेटमध्ये तसले भरपूर पडलेत. त्यांनी मशीन भंगारात घालायला सांगितली असती तर मी वाद घातला असता. हे ऐकून वाद घालावासाही वाटला नाही.

"काका, मला ते जमणार नाही," मी म्हटलं. "आणि बरी नाही झाली तर तो मशीन विकेल. मग तुम्हीही जाल आणि तीही."

"इकूचो नाय. तो नुसतो बोलता."

मी चहाचे पैसे द्यायला लागले तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि आपण दिले. मोटर उतरवून, एन्कोडर काढून, पिशवीत गुंडाळून मी अंधेरीला आणला. जाताना मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उघडला. आत बघितल्यावर तो इतके महिने चालला कसा याचंच नवल वाटलं. मागच्या झाकणाचं रबर कडक होऊन तडकलेलं. त्यातून, लोखंड कापताना सोडतात त्या कूलंटची वाफ आत जाऊन काचेच्या चकतीवर एका बाजूला पिवळट साय धरलेली. बेअरिंग कोरडं पडलेलं, तापलं की चकती किंचित कलायची आणि नेमकी ती पिवळी बाजू डोळ्यासमोर आली की रेषा दिसेनाशा व्हायच्या. काकांच्या तळव्याचा हिशोब बरोबर होता. जितकी मोटर तापेल तितका कल, आणि जितका कल तितक्या रेषा गहाळ.

अशा वेळी चकती पुसून, जुनं बेअरिंग तसंच ठेवून डबी बंद केली तर ती महिनाभर चालते आणि मग हळूहळू पुन्हा चुकायला लागते. कुणाला कळतही नाही. काकांना हवं होतं ते हेच. खोटं कशाला बोलू, तो विचार माझ्या मनात येऊन गेला. जुनं बेअरिंग माझ्या बोटात होतं. फिरवलं की वाळू चावल्यासारखं वाजत होतं. तो आवाज ऐकून माझ्या अंगावर शहारा येतो, पहिल्यापासून येतो. मी ते डब्यात टाकलं आणि नवं बसवलं. चकती साफ केली, रबर बदललं, दिवा बदलला. चकतीचा कोन मोटरीशी जुळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तो दिला. गरम हवा मारून तापवला आणि माझ्या तपासणीच्या पडद्यावर त्याच्या सिग्नलच्या दोन्ही लाटा बघितल्या. स्वच्छ, सारख्या, एकही दात पडलेला नाही. मला असलं काही बघितलं की आनंद होतो आणि त्या दिवशीही झाला. तो मी लपवणार नाही.

परत बसवायला गेले तेव्हा गाळा तसाच होता. मालक खुर्ची ओढून मशीनपाशी येऊन बसला. मोटर लावली, होम घेतलं, डायलने तपासलं. मग दुरुस्तीचं पान उघडून तिथलं शून्य सगळ्यांसमोर दाखवलं.

"काका, आता इथे काही टाकायचं नाही. कितीही तापली तरी. कळलं?"

"व्हय."

"एकदाच होम. सकाळी."

"व्हय गो."

त्यांनी टपरीवरचं बोलणं काढलं नाही, नजरही चुकवली नाही. सकाळचे ठोकळे नेहमीपेक्षा लवकर झाले, कारण प्रत्येक वेळी होमला जायचं नव्हतं. मालक खूश होता. "बघा, गृहखातं बंद," म्हणाला आणि परत सगळे हसले. मी त्याला सांगितलं की दुपारनंतरचे ठोकळे बघितल्याशिवाय मी जाणार नाही. खरी परीक्षा तीच होती.

जेवण झालं. मी कोपऱ्यात माझी हत्यारं पुसून बॅगेत ठेवत होते. काकांनी मशीन सुरू केली होती, थोडी तापू दिली होती. पहिला ठोकळा बांधला आणि बटण दाबलं. ड्रिल खाली उतरताना मी वर बघितलं आणि काका माझ्याकडे पाठ करून उभे दिसले, उजव्या हाताचा तळवा फडक्याला पुसत. ते मोटरीजवळून परत आलेले होते. माझ्या लक्षात आलं तेव्हा ड्रिल पोलादात शिरलं होतं.

मालकाने ठोकळा स्वतः उचलला. खिळा घातला. खिळा अर्ध्यात अडला. त्याने ठोकळा फिरवून दुसऱ्या बाजूने घातला, तरी अडला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"मॅडम, ही दुरुस्त झाली म्हणालात ना?"

मी कंट्रोलवर ते पान उघडलं. तिथे आकडा होता. दुपारचा, मोटर हाताला ऊन लागेल एवढी तापल्यावरचा, काकांचा नेहमीचा. मशीन बरोबर जागी थांबत होती आणि काकांनी तिला त्याच्या अलीकडेच थांबवलं होतं.

क्षणभर मला वाटलं, मुद्दाम केलं. बिघाड अजून आहे असं दाखवायला केलं. तसं असतं तर मी गप्प बसले असते की नाही, मला माहीत नाही. मग मी त्यांच्याकडे बघितलं. मुद्दाम करणाऱ्याजवळ पुढचं वाक्य तयार असतं. काका मात्र पडद्यावरचा तो आकडा असे बघत होते, जसा तो दुसऱ्याच कुणीतरी भरला असावा. मग त्यांनी आपला हात उलटासुलटा करून बघितला.

"हात गेलो," ते म्हणाले. "मगाशी हात आपसूक गेलो."

"सवय आहे," मी मालकाला म्हटलं. "इतक्या दिवसांची. दोन-चार दिवसांत सुटेल."

"माझ्या ठोकळ्यांवर सुटायला नको." तो उठला आणि ठोकळा काकांच्या हातात दिला. आवाज चढवला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे मशीन दुरुस्त झाली. बिघाड राहिला तो समोर उभा आहे."

या वेळी हसलं कुणीच नाही. मालकालाही हसू नको होतं, कारण त्याच्या डोक्यात हिशोब सुरू झाला होता. तो मला दिसत होता. तो एकदा जुन्या मशीनकडे बघत होता, एकदा नव्या. जुनी आता सांभाळावी लागत नव्हती. ठोकळा बांधायचा, बटण दाबायचं, तिचं होईपर्यंत शेजारच्या मशीनवरचा काढायचा. एका माणसाचं काम. आणि ते शक्य मी केलं होतं, नवं बेअरिंग, नवं रबर, स्वच्छ काच.

त्याने जावयाला हाक मारली. "इकडे ये रे. आजपासून दोन्ही तू बघ. बघून घे, जमतंय ना?"

जावई आला. काका मशीनच्या समोर उभे होते, हातात तो फुकट गेलेला ठोकळा. जावई त्यांच्या अगदी जवळ येऊन थांबला. त्याने थोडी वाट बघितली, हेही खरं.

"मामा, सरा जरा," तो म्हणाला.

काका सरले. जावयाने पान उघडलं, आकडा पुसला, नवा ठोकळा बांधला आणि बटण दाबलं. त्याचा हात मोटरीकडे गेला नाही. त्याला जायचं कारणच नव्हतं. ठोकळा झाला, खिळा घातला, आरपार गेला. मालकाने खिळा दोनदा घालून काढून बघितला. मग काकांच्या खांद्यावर हात टाकून अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, वडिलांच्या वेळचे तुम्ही. खूप केलंत. आता आराम करा. महिन्याचा पगार पूर्ण मिळेल, त्याची काळजी करू नका. आपण सगळे मिळून छान सत्कार करू तुमचा."

मी काहीतरी बोलले, म्हणजे बोलायचा प्रयत्न केला. नव्या मशीनलाही माणूस लागतो, तपासणीला ठेवा, असलं काहीतरी. मालक म्हणाला, "मॅडम, तुमचं काम फर्स्ट क्लास झालं," आणि केबिनमध्ये गेला. मला काकांचा राग आला. एवढं स्पष्ट सांगितलं होतं, सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आणि रागाला काही अर्थ नव्हता हेही कळत होतं, कारण हात गेला नसता तरी आठ-पंधरा दिवसांत हाच हिशोब मालकाने केला असता. हाताने फक्त निमित्त दिलं.

मी बॅग बंद केली. काकांनी तो ठोकळा भंगाराच्या डब्यात ठेवला, टाकला नाही, ठेवला. मग हात धुतले, शर्ट बदलला, डब्याची पिशवी घेतली. मला म्हणाले, "येतंय हां, बाय," आणि माझ्याकडून काही अपेक्षा नसल्यासारखे दाराकडे निघाले. मीही त्यांच्या मागोमाग बाहेर पडत होते.

जावई दोन मशीनच्या मध्ये उभा होता. एकीवरचा ठोकळा काढत होता आणि डोळे दुसरीच्या पडद्यावर होते. दोन्हींचा आवाज होता म्हणून त्याला जरा मोठ्याने बोलावं लागलं. त्यात रुबाब नव्हता, मुद्दाम लागेल असं काही नव्हतं. नुकतंच सुचलं म्हणून बोलावं तसं तो बोलला.

"मामा, मला आज उशीर होईल. जाताना तेवढं चक्कीवरून दळण घेऊन जा. कधीचं पडलंय. तुम्हाला आता वेळ आहे ना."

गाळ्यातल्या हेल्परांनीही माना वर केल्या. सासऱ्याला जावयाने असं काम सांगितलेलं त्यांनी ऐकलं नसावं. मी काकांच्या मागेच होते, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. पाठ तेवढी दिसली, ती ताठ झाली आणि मग हळूच सैल झाली.

ते वळले. जावयाकडे दोन पावलं परत आले, म्हणजे त्याला ओरडून बोलावं लागू नये.

"हां," ते म्हणाले. "आनी काय आणूचा?"